बाहेरच्या बाकावरची मुलगी



आमचं समुपदेशन केंद्र कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर आहे. अरुंद लाकडी जिना चढून आलं की दाराबाहेर एक बाक, आत दोन खोल्या. तांबट आळी हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वीइतका नसला तरी भांडी मठारण्याचा ठोका अजून दिवसभर ऐकू येतो. आत बोलणाऱ्या बाईचा आवाज त्या ठोक्यात बुडून जातो, बाहेर काही जात नाही, असं आम्ही सगळ्याजणी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. मागच्या पावसाळ्यात सुताराची वाट बघत मी त्या बाकावर बसले होते. दार लावलेलं होतं. आत माझ्या दोन सहकारी बोलत होत्या. मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मी चरकले ते यासाठी की त्या बाकावर बहुतेक वेळा एक मुलगी बसलेली असते. तेरा-चौदा ते सतरा वर्षांची. आई आत आपली हकिकत सांगत असते आणि ही बाहेर धाकट्या भावाला सांभाळत बसते. तासाभराने आई डोळे पुसत बाहेर येते, मुलगी चपला घालते, दोघी जिना उतरतात. आम्ही तिला "कितवीत आहेस गं?" एवढंच विचारलेलं असतं. आमच्या फॉर्मवर तिची नोंद 'अपत्ये' या रकान्यात होते. बापाने आईला कसं मारलं, माहेरचे काय म्हणाले, पोटगी किती मिळेल, हे सगळं तिने आमच्याच बाकावर बसून ऐकलेलं असणार. त्याबद्दल तिला काय वाटतं, हे कुणी विचारलेलं नाही.

हा दोष कुणा एकीचा नाही. आपली केंद्रं कशातून उभी राहिली ते आठवून बघा. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला आणि सुशिक्षित, सुखवस्तू घरांच्या भिंतींआड काय चालतं याची चर्चा रस्त्यावर आली. त्या अस्वस्थतेतूनच नारी समता मंचाचं काम वाढलं, 'बोलते व्हा' केंद्र निघालं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे गावोगावी संघटनांनी आपापली केंद्रं उघडली. सासरी छळ होणारी विवाहित स्त्री त्या सगळ्या कामाच्या मध्यभागी होती. ती असायलाच हवी होती. पण चाळीस वर्षांत तिच्याबरोबर आलेल्या मुलीसाठी आपण वेगळी खुर्ची मांडली नाही.

आणखी एका प्रकारची मुलगी आमच्याकडे येते. खरं तर तिला आणलेलं असतं. मोबाइल सोडत नाही, दहावीत मार्क कमी पडले, उलट बोलते, जेवत नाही, कुणा मुलाबरोबर दिसली, हातावर ब्लेडने रेघा ओढल्या. तक्रार यातली कोणतीही असो, आईवडलांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, हिला जरा तुमच्या पद्धतीने समजावून सांगा."

'समुपदेशन' या शब्दातच उपदेश असल्यामुळे असेल, पण लोकांना हे काम समजावून सांगण्याचंच वाटतं. घरच्यांनी सांगून झालं, शिक्षकांनी सांगून झालं, आता शिकलेल्या बाईने सांगावं. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं होतं की सेवार्थीला आहे तशी स्वीकारायची, तिचा निवाडा करायचा नाही, निर्णय तिचा तिला घेऊ द्यायचा, गोपनीयता पाळायची. परीक्षेत यावर मी पानंच्या पानं लिहिली. पण १६ वर्षांच्या मुलीला तिचे आईवडील घेऊन येतात तेव्हा सेवार्थी कोण? जिला आणलंय ती, की ज्यांनी आणलंय ते? या प्रश्नाचं उत्तर मनाशी पक्कं न करता मी कामाला लागले, आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी अकरावीत होती. आई पोळ्यांची कामं करायची. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध धीराने उभी राहिलेली, आमच्या मोर्चांना येणारी बाई. मुलगी गप्प गप्प असते म्हणून तिने स्वतःच आणली होती. तिसऱ्या भेटीत मुलगी बोलायला लागली. क्लासमधला एक मुलगा तिला आवडत होता. दोघं बरोबर चालत घरी येत, कधी भेळ खात, त्यापलीकडे काही नव्हतं. ते सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झालेला मी पाहिला. ती खाली उतरली आणि आई जिन्यात मागे थांबली. "काही बोलली का हो ताई?" मला वाटलं, ही आपलीच बाई आहे. मी म्हटलं, "काळजीचं काही नाही. या वयात कुणीतरी आवडतंच. मुलगा साधा वाटतो."

मला धीर द्यायचा होता. पंधरा दिवसांत मुलीचं येणं बंद झालं. चौकशी केली तर "मामाकडे गेलीय" असं कळलं. मग आईही यायची थांबली. मीही चार फोन करून थांबले, कारण तोवर बाकावर दुसऱ्या बायका आलेल्या होत्या.

तीन वर्षांनी ती मुलगी जिना चढून आली. कडेवर मूल होतं. खाली बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, तुम्ही आईला सांगितलं होतंत ना?" आवाजात राग नव्हता, तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. तिचं लग्न सतराव्या वर्षी लावून दिलं होतं. नवरा मारत नाही, हे तिने आपणहून सांगितलं, जणू तेवढंच विचारायला आम्ही बसलेल्या असतो. बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला ते लग्न रद्द करून मागता येत होतं. मी तसं सांगितलं. तिला ते नको होतं. तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसायचं होतं आणि फॉर्म कुठे मिळतो ते हवं होतं. तेवढं काम आम्ही केलं.

त्या आईला मी खलनायिका करणार नाही. दहा बाय बाराची खोली, दारुडा नवरा, चौकात बसलेली पोरं आणि पोरीचं काही कमीजास्त झालं तर सगळा दोष आईवर टाकायला टपलेले नातेवाईक. 'काही होण्याआधी' मुलीला उजवून टाकणं तिला सुरक्षित वाटलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण २६.३ टक्के होतं, म्हणजे उतरलं आहे, पण अजून पाचातली एक आहे. यातल्या किती लग्नांमागे गरिबी असेल आणि किती लग्नांमागे अशीच एखादी घाबरलेली आई असेल? पोटगीच्या दाव्यात आम्ही त्या बाईच्या पाठीशी होतो. सोळा वर्षांच्या मुलीची आई म्हणून तिला काय भीती वाटते, हे आम्ही तिलाही विचारलं नव्हतं. मुलीला खुर्ची नव्हती तशी या भीतीलाही नव्हती.

आता कायद्याकडे येऊ. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण 'पोक्सो' म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. असा कायदा हवा ही आपल्या चळवळीचीही मागणी होती आणि त्याची गरज आजही तितकीच आहे. पण या कायद्याने संमतीचं वय १६ वरून १८ वर नेलं, आणि १९ व्या कलमाने अशा गुन्ह्याची माहिती कळणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन घातलं. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. सतरा वर्षांची दोघं आपल्या मर्जीने जवळ आली तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच ठरतो.

समोर बसलेली मुलगी विचारते, "कुणाला सांगणार नाही ना?" "नाही" म्हटलं तर मी खोटं बोलत असते. सगळा कायदा एका दमात ऐकवला तर ती उठून जाते, आणि मग चुकीच्या माणसाकडे किंवा चुकीच्या गोळीकडे वळते. आम्ही आता पहिल्याच भेटीत, तिने काही सांगायच्या आधी, साध्या शब्दांत सांगतो. "तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी तुझ्यावर जबरदस्ती करत असेल, किंवा कायद्याने मला कळवणं भाग आहे अशी गोष्ट असेल, तर मला ती पुढे सांगावी लागेल. पण तेही तुला आधी सांगून. बाकी काहीही तुझ्या परवानगीशिवाय या खोलीबाहेर जाणार नाही, आईकडेसुद्धा." काही मुली यानंतर बोलत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. बऱ्याचजणी थोड्या वेळाने बोलतात.

न्यायालयांनाही ही अडचण दिसू लागली आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक असायला हवं.

पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणाचा तर आपण सगळ्यांनी बसून अभ्यास करावा. १४ वर्षांची मुलगी २५ वर्षांच्या तरुणाबरोबर घर सोडून गेली. आईने तक्रार केली. २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडताना किशोरवयीन मुलींनी आपल्या लैंगिक इच्छांवर ताबा ठेवावा असा उपदेश केला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ऑगस्ट २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला आणि तरुणाला दोषी ठरवलं. चौदा आणि पंचवीस हा काही समवयस्कांचा मामला नव्हे, तेव्हा ते योग्यच होतं. पण मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने त्याला शिक्षा न देण्याचं ठरवलं. तज्ज्ञांच्या समितीने मुलीशी बोलून जे मांडलं ते सुन्न करणारं होतं. मूळ घटनेपेक्षा नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनी तिला अधिक जखमी केलं होतं. समाजाने तिला दोष दिला, घरच्यांनी तिला टाकलं, आणि पूर्ण माहितीनिशी निवड करण्याची संधी तिला आधी कधी मिळालीच नाही. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत एक खटला गेला, आणि त्या मुलीशी कुणीतरी नीट बोलायचं काम तोवर राहूनच गेलं होतं.

सोळा ते अठरा वयाच्या समवयस्कांना या कायद्यातून वगळावं का, याबद्दल आपल्यात एकमत नाही. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सोळाच्या बाजूने मांडणी केली, केंद्र सरकारने विरोध केला. वय खाली आणलं तर बालविवाह लावणाऱ्यांना आणि मुलींची खरेदी-विक्री करणाऱ्यांना फावेल, ही अनेक मैत्रिणींची भीती मला खोटी वाटत नाही. माझं मत असं की वयातलं अंतर कमी असेल आणि जबरदस्ती नसेल, तर ते प्रकरण पोलीस ठाण्यात सुरू होऊ नये. यावर वेगळं मत असणाऱ्यांनी जरूर लिहावं, पुढच्या अंकात जागा ठेवू.

मुलींविषयी इतकं लिहिल्यावर मुलग्यांविषयी लिहिलं नाही तर अर्धंच चित्र राहील. जून २०२३ मध्ये इथून जवळच, सदाशिव पेठेत, एका तरुणीवर तिने नकार दिला म्हणून भर रस्त्यात कोयत्याने वार झाले. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुलगे सापडत आहेत. नकार पचवायला त्यांना कुणी शिकवलं? मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले आणि काही तासांत त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता आणि समुपदेशनही होतं. गावभर हसं झालं, संतापही झाला, आणि तो रास्त होता. पण त्यात एक नुकसान झालं. समुपदेशन म्हणजे पैसेवाल्याच्या पोराला मिळणारी सूट, असा समज घट्ट झाला. गुन्ह्याची जबाबदारी झटकायला समुपदेशन नसतंच. आपण काय केलं त्याकडे मुलाला सरळ बघायला लावणं, हे त्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

मुलगे आपल्या बाकावर येऊन बसणार नाहीत. कसब्यात ते तालमीत असतात, मंडळाच्या मांडवात असतात, ढोल-ताशा पथकाच्या सरावाला असतात. आमचा एक सहकारी गेली दोन वर्षं सरावाच्या जागी जाऊन बसतो. पहिले काही महिने तो फक्त चहा पीत होता. आता मुलगे त्याला बाजूला घेऊन विचारतात. प्रश्न साधे असतात, पण ते विचारायला त्यांना दुसरी जागा नसते.

या प्रश्नांची भीती आपल्या समाजाला नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्वे हरले आणि त्यांना दंड झाला. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्रात शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातल्या गदारोळानंतर थांबवला गेला. शंका मात्र थांबल्या नाहीत. त्यांची उत्तरं आज मोबाइलवर मिळतात, आणि ती कशी असतात हे आपल्याला माहीत आहे.

२०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आपण हळहळतो. पण अठराच्या आतल्या मुलामुलींच्या आत्महत्यांमागे या अहवालांत सर्वाधिक नोंद असते ती कौटुंबिक समस्यांची. म्हणूनच एकट्या मुलाला दुरुस्त करून घरी पाठवायचं आणि घर तसंच ठेवायचं, हे चालणार नाही.

मग काय करायचं? शासनाकडून मागायचं ते मागत राहूच. मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती नेमण्याचा निर्णय निघाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर सगळ्यांना त्याची आठवण झाली. आपापल्या वस्तीतल्या शाळेत जाऊन ही समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे आपण विचारू शकतो. २०१४ पासूनच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली 'मैत्री' क्लिनिकं सरकारी रुग्णालयांत आहेत. टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक आहेत. ते जरूर सांगावेत, पण सांगताना हेही लक्षात ठेवावं की अनेक मुलींकडे स्वतःचा फोन नसतो, आणि क्लिनिकच्या रांगेत शेजारची काकू भेटली तर काय सांगायचं हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

आपल्या हातातली कामं त्याहून लहान आहेत, आणि ती उद्यापासून करता येतील. आमच्याकडे सुरू केलेली सांगते. मुलामुलींसाठी वेगळा फॉर्म केला, त्यावर त्यांचं स्वतःचं नाव सगळ्यात वर. आईची हकिकत सुरू होताना मुलीला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवतो. शनिवारी दुपार फक्त त्यांच्यासाठी ठेवली आहे. आईवडलांशी बोलणारी कार्यकर्ती वेगळी आणि मुलीशी बोलणारी वेगळी, म्हणजे जिन्यात थांबलेल्या आईला उत्तर द्यायचा मोहच होत नाही. आणि "समजावून सांगा" असं कुणी म्हटलं की आम्ही उलट विचारतो, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" या प्रश्नावर एका वडलांना बोलता बोलता रडू कोसळलं. त्यांच्या मुलीने हे दारातून पाहिलं. पुढच्या शनिवारी ती एकटी आली.

हे सगळं करूनही आमच्या चुका होतातच. दोन कार्यकर्त्या लागतात तिथे एकच असते, शनिवारी मोर्चा निघाला की मुलींची दुपार बुडते. पण आता ती बुडाल्याचं आम्हाला जाणवतं आणि आम्ही ते वहीत लिहितो.

सुताराने दार नीट बसवून दिलं. तरी बाकावर आतलं थोडंफार ऐकू येतंच, म्हणून आम्ही बाकच हलवला. तुमच्या केंद्राबाहेरही एखादा बाक असेल. पुढच्या बैठकीआधी कुणीतरी पाच मिनिटं त्यावर बसून बघा, आणि काय ऐकू आलं ते आम्हाला कळवा.